नाशिकच्या थंडीत गच्चीवरचं पॉलीहाऊस : सकाळी ९, दुपारी ४१

गच्चीवाली | ९ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर आमची गच्ची आहे. दिवाळीत नवरा म्हणाला पैठणी घेऊ, मी म्हटलं पॉलीहाऊस घे. १० बाय १२ फुटांचं झालं. जीआय पाइपच्या कमानी, वर २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद (म्हणजे प्लॅस्टिकच), एका बाजूला दार, बाकी सगळं हवाबंद. बनवणारा म्हणाला होता, "ताई, आत ऊब राहील, थंडीत झाडं नुसती पळतील."

आत काकडीचे चार वेल, सहा ढोबळी मिरच्या, चेरी टोमॅटो, लेट्युस आणि पास्त्यात घालतात ती इटालियन तुळस. सासूबाईंनी मात्र आत काही लावायला साफ नकार दिला. त्यांनी द्राक्षाच्या दोन क्रेटमध्ये पोतं अंथरून उघड्यावर मेथी टाकली आहे.

आता रडगाणं. टोमॅटोची फुलं देठापासून गळतात. काकडी बोटाएवढी होते आणि पिवळी पडते. लेट्युसवर करडी बुरशी आली. सकाळी आत गेलं की छतावरून डोक्यावर थेंब पडतात. म्हणून दोन थर्मामीटर आणले, एक आत, एक बाहेर. दहा दिवस मोजतेय. दुपारी दीडला बाहेर २७, आत ४१. ते ठीक, पॉलीहाऊसच आहे. पण पहाटे सहाला बाहेर साडेनऊ आणि आत ९! म्हणजे आत जास्त थंडी! थर्मामीटरची अदलाबदल करून पाहिली, तरी तेच.

मग एवढे पैसे घालून मी नक्की काय विकत घेतलं?

---

तर्री_जास्त | ९ डिसेंबर, रात्री १०.०५

४१ म्हणजे मे महिना विकत घेतला ताई. आंब्याचं झाड लावा.

---

बांधावरून | १० डिसेंबर, पहाटे ५.५०

ताई, दुपारी दीडला दार बंद का होतं ते आधी सांगा.

मी आडगावचा. द्राक्षबाग आहे, त्याआधी १० गुंठ्यात जरबेरा केला होता. आमच्याकडे पहिल्या वर्षी जो पॉलीहाऊस लावतो त्याला वाटतं, थंडी आली, बंद करा. अहो, नाशिकची थंडी रात्रीची आहे. दिवसा ऊन कसं तापू राह्यलंय ते बाहेर उभं राहून बघा. सकाळी नऊला बाजूच्या कागदाचे पडदे वर, दुपारी साडेचार-पाचला खाली. हा सोळा आण्याचा नियम आहे. तुमच्या सांगाड्याला पडदेच नाहीत, म्हणजे बनवणाऱ्याने तुम्हाला डबा दिला, पॉलीहाऊस नाही दिलं.

टोमॅटोचं फूल रात्रीच्या थंडीने गळतं तसं दुपारच्या उकाड्यानेही गळतं. तुमचं दुपारचं आहे असा माझा अंदाज.

बाकी सविस्तर नंतर लिहितो. पाणी चालू आहे बागेला, लाईट आठ वाजेपर्यंतच आहे.

---

सोनचाफा | १० डिसेंबर, सकाळी ९.१५

काकडीचं मी सांगते, कॉलेज रोडच्या बाल्कनीत हेच भोगलंय. बियाणं साधं आहे ना? साध्या काकडीला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मधमाशी आल्याशिवाय फळ धरत नाही. तुमच्या बंद खोलीत मधमाशी येणार कुठून? मादी फुलाच्या मागे चिमुकली काकडी आधीच असते, ती परागकण न मिळाल्यामुळे पिवळी पडते. सकाळी दहाच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नरात दोन-तीन माद्या होतात (वाक्य कसंतरीच झालं, पण राहू दे).

पुढच्या वेळी पॉलीहाऊससाठीचं बियाणं मागा. त्याला परागीभवन लागतच नाही, बिनबियांची काकडी येते. पाकीट महाग असतं आणि बिया मोजून दहा-वीस.

टोमॅटोला मात्र नर-मादी एकाच फुलात. तिथे फक्त टिचकी मारायची, दुपारी बाराच्या सुमारास, गुच्छाच्या देठावर.

---

थर्मोमीटर | १० डिसेंबर, सकाळी ११.३०

आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे "आत जास्त थंडी कशी" हा प्रश्न पाहून हात शिवशिवले. लांबण लागेल, वाचणाऱ्यांनी चहा घेऊन बसावं.

ताई, तुमची दोन्ही थर्मामीटरं बरोबर आहेत. रात्री प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर फेकते. माती, पानं, तुमची टाकी, सगळं. डिसेंबरमध्ये नाशिकचं आकाश निरभ्र असतं, त्यामुळे ही उष्णता थेट आभाळाला जाते आणि परत येत नाही. काच ही उष्णता अडवते. साधं पॉलिथिन बरीचशी आरपार जाऊ देतं. म्हणजे या बाबतीत तुमच्या झाडांवर छप्पर जवळपास नाहीच. उलट बाहेर मंद वारा असतो, तो वरची थोडी उबदार हवा खाली आणून मिसळतो. आत वारा नाही. थंड झालेल्या पानाला टेकलेली हवा तिथेच बसून आणखी गार होते. म्हणून पहाटे अर्धा अंश खाली. शांत, निरभ्र रात्री हे हमखास होतं. एखाद्या ढगाळ रात्री मोजा, आकडा उलटा येईल. पैज.

छतावरचे थेंब तुम्हाला त्रासदायक वाटतात, पण पाण्याचा तो पातळ थर बाहेर जाणारी उष्णता अडवतो. अर्थात थेंब पानांवर पडले की बुरशी, त्यामुळे त्यांचे आभार मानायची गरज नाही.

आता दुसरा मुद्दा. तुम्ही इंग्लंड-युरोपातले व्हिडिओ पाहून सगळं बंद ठेवलं असणार. २२ डिसेंबरला भर दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो. नाशिक २० अक्षांशावर, इथे त्याच दिवशी तो ४६ अंशांच्या वर चढतो. त्यांना दिवसाची ऊब साठवायची चिंता, आपल्याला दिवसाची ऊब बाहेर काढायची. आपला खरा शत्रू थंडी नव्हे, ९ आणि ४१ यांच्यामधली दरी आहे.

दरी बुजवायला पाणी सर्वांत स्वस्त. दिवसा तापतं, रात्री सावकाश सोडतं. २०० लिटर पाणी १० अंशांनी थंड झालं तर सुमारे २.३ युनिट विजेइतकी उष्णता देतं.

---

गच्चीवाली | १० डिसेंबर, दुपारी १२.१०

सर, आता कळलं! व्हिडिओंचं अगदी बरोबर ओळखलंत. आणि आडगावचे आबा, दार मीच बंद ठेवत होते, ऊब जाऊ नये म्हणून. 🙈

२०० लिटरचा निळा ड्रम भंगारवाल्याकडे पाहिलाय. आणू का? शिवाय शेजारचे काका म्हणतात, त्यापेक्षा एक १०० वॉटचा बल्ब लाव.

---

थर्मोमीटर | १० डिसेंबर, दुपारी १२.४०

थांबा! ड्रम गच्चीच्या मध्यावर ठेवू नका. भरलेला ड्रम म्हणजे २०० किलोच्या वर वजन, तेही दोन फुटांच्या जागेत. त्याऐवजी २० लिटरचे दहा जार घ्या, बाहेरून काळे रंगवा आणि भिंतीकडेने, खाली बीम आहे तिथे ओळीने लावा. पाणी तेवढंच, वजन पसरलं. इमारत जुनी असेल तर इंजिनियरला विचारल्याशिवाय तेही नको.

बल्ब दहा तास जळला तर एक युनिट. म्हणजे जार दोन बल्बांच्या वर काम फुकटात करतात. तरी फार आशा ठेवू नका, कागदाच्या एका थरातून उष्णता गळते ती गळतेच. एक-दीड अंश मिळाला तरी मी खूश होईन.

---

दिंडोरी_रोड | १० डिसेंबर, रात्री ८.२०

मी नर्सरीत कामाला आहे, रोपांचं तेवढं बोलतो.

लेट्युस आणि मिरची एका छपराखाली ठेवलीत ही पहिली चूक. लेट्युस, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा, गाजर यांना नाशिकची थंडी मानवते, त्यांना बाहेर काढा. करडी बुरशी आपोआप आटोक्यात येईल. रोगट पानं आधी तोडून पिशवीत भरून टाका, कंपोस्टात नको. आत ठेवायची ती मिरची, टोमॅटो, काकडी आणि तुळस. इटालियन तुळस तर १० अंशांच्या खाली गेली की पानं काळी करते, रोग समजून लोक औषध मारत बसतात.

पाणी संध्याकाळी देत असाल तर बंद करा. संध्याकाळचं पाणी म्हणजे रात्रभर दमट हवा आणि गार मुळं. सकाळी दहानंतर, फक्त मुळाशी, पानं भिजवायची नाहीत. गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहाटे बर्फासारखं असतं, नळ सोडायच्या आधी बादलीत भरून उन्हात ठेवलेलं बरं.

टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी दिसली तर घाबरू नका. माती गार असली की मुळं फॉस्फरस नीट उचलत नाहीत. माती तापली की रंग जातो. त्यावर मूठभर खत ओतणारे गिऱ्हाईक आमच्याकडे दर डिसेंबरात येतात.

आणि ढोबळीचं बी आत्ता डिसेंबरात टाकू नका. थंडीत उगवायला तीन आठवडेही घेते आणि तोवर अर्धं बी सडतं. टाकायचंच असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या वर मागच्या बाजूला ठेवा, मोड दिसला की ट्रेमध्ये.

---

तर्री_जास्त | १० डिसेंबर, रात्री ८.४५

आमच्या फ्रीजवर आधीच इडलीचं पीठ असतं. मिरचीची इडली झाली तर जबाबदार कोण?

---

घाटमाथा | ११ डिसेंबर, सकाळी ७.३०

सुरगाणा तालुक्यातून. आमच्याकडे स्ट्रॉबेरीला कसलंच घर नाही. गादीवाफा, त्यावर मल्चिंग पेपर, खाली ठिबक. रोपं पाऊस उघडता उघडता लागतात आणि आत्ता फळ सुरू झालंय. सापुतारा रस्त्याला टोपल्या दिसतील. तिला रात्रीची थंडी हवीच असते, त्याने गोडी येते. ताईंनी लेट्युस बाहेर काढलं की त्या जागी काही नको, हवा खेळू द्या. स्ट्रॉबेरी लावायची झाली तर तीही बाहेरच, कुंडीत.

---

बांधावरून | ११ डिसेंबर, दुपारी १.००

सविस्तर लिहितो म्हटलं होतं.

ताई, बनवणाऱ्याला परत बोलवा. दोन्ही लांब बाजूंचा कागद खालून दोन-अडीच फूट कापायचा. त्याच्या कडेला पाइप बांधायचा, गुंडाळला की वर, सोडला की खाली. त्या जागी ४० मेशची जाळी लावायची, पांढरी माशी सहज आत येऊ नये म्हणून. कागद पकडायला प्रोफाईल आणि झिगझॅग स्प्रिंग आहे का बघा. नुसता तारेने बांधला असेल तर मला आत्ताच वाईट वाटू राह्यलं.

माझ्या जरबेराचं काय झालं ते सांगतो. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात वळवाचा वारा आला. पडदे एका बाजूचे उघडे, दुसऱ्या बाजूचे बंद. वारा आत घुसला, बाहेर जायला वाट नाही. छप्पर फुग्यासारखं फुगलं आणि फाटलं. वीस मिनिटांत दहा गुंठ्यांचा कागद शेजाऱ्याच्या टोमॅटोवर. सांगाडा उभा राहिला, कर्जही उभं राहिलं. पुढे फुलांचे भाव पडले, मग पुन्हा कागद टाकायची छाती झाली नाही. अनुदान निम्मं मिळतं हे खरं, पण ते उभारायला मिळतं, चालवायला नाही. तुमच्या गच्चीवर तर वाऱ्याला अडवायला झाडसुद्धा नाही. तेव्हा वारा सुटला की दोन्ही बाजू सारख्या ठेवा, दोन्ही बंद किंवा दोन्ही उघड्या.

थंडीचं म्हणाल तर आमच्या बागेला कुठे छप्पर आहे? ऑक्टोबर छाटणीचा माल आता फुगवणीला येतो आणि नेमका पारा उतरतो. फुगवण थांबते, पुढे मण्यात पाणी उतरताना, म्हणजे पिकायला लागताना, थंडी पडली तर मणी तडकतो. मग पहाटे उठून बांधावर भुसा, पाचट पेटवायचं, धूर बागेत फिरवायचा. आणि विहिरीचं पाणी ठिबकने सोडायचं. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, ओली जमीन ऊब धरते. सरांचे जार म्हणजे आमची विहीरच की.

---

थर्मोमीटर | ११ डिसेंबर, दुपारी १.२५

आबा, तुम्ही वर्गात असता तर मला पुस्तक लागलं नसतं. धुराने हवा तापते त्यापेक्षा जाळाने वरची-खालची हवा ढवळली जाते, हे जास्त उपयोगी असं माझं मत. पण ते तुमच्या बांधावर येऊन भांडू, हुरड्याच्या वेळी.

---

गच्चीवाली | २१ डिसेंबर, रात्री १०.१५

अपडेट. (नवऱ्याच्या शब्दांत, पैठणीची फॉल-पिको सुरू आहे.)

बनवणारा आधी म्हणाला, कापायची गरज नाही. मी ४१ चा फोटो दाखवला. मग पडदे झाले. कागद तारेनेच बांधलेला होता, आबा. प्रोफाईल आणि स्प्रिंग लावून घेतली, त्याचे पैसे वेगळे घेतले त्याने.

जार दहा झाले. रंगवताना गच्चीचा एक कोपरा कायमचा काळा झाला. क्रॉप कव्हर (थंडीत झाडांवर टाकायचं पातळ कापड) आणायला पेठ रोडला गेले तर माणूस म्हणाला, पूर्ण रोल घ्यावा लागेल. मग आईने सुचवलं की कसमाद्यात (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) डाळिंबावर ऊन लागू नये म्हणून जुन्या साड्या टाकतात, तुझ्या कपाटात काय कमी आहेत? दोन सुती साड्या वेलांवर आणि मिरच्यांवर संध्याकाळी टाकते, सकाळी काढते.

आकडे: काल पहाटे बाहेर ८, आत साडेनऊ, साडीखाली ११. दुपारी पडदे वर असताना आत ३१.

आणि सर, पैज जिंकलात. १७ तारखेला रात्रभर ढग होते. बाहेर १५, आत साडेसोळा!

लेट्युस बाहेर काढलं, सुधारलं. एक इटालियन तुळस गेली, काळी पडून. फुलांना टिचक्या मारते तेव्हा सासूबाई खालून विचारतात, "कोणाला मारतेयस?"

---

सोनचाफा | २२ डिसेंबर, सकाळी ८.५०

काकडीचं काय? जाळी लावलीत म्हणजे मधमाशीचा उरलासुरला मार्गही बंद. हाताने करताय ना?

---

गच्चीवाली | २२ डिसेंबर, सकाळी ९.०५

करतेय. सकाळी डबे, मग काकड्यांची लग्नं, मग ऑफिस.

---

दिंडोरी_रोड | ९ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

ताई, या दिवसांत भुरी बघा. काकडीच्या पानावर पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग. दिवसा कोरडी हवा, रात्री दमट, तिला हेच लागतं. खालची जुनी पानं काढा, वेल दोरीवर सरळ वर घ्या. साडी टाकताना ती पानाला चिकटून ओली राहणार नाही असं करा, वर दोन काठ्या आडव्या टाका. पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण दुपारच्या उन्हात मारू नका, पान करपतं.

---

गच्चीवाली | ९ जानेवारी, रात्री ९.००

डाग आहेत!! मी समजत होते रंगाचे शिंतोडे. उद्या सकाळीच काढते.

---

बांधावरून | १४ जानेवारी, पहाटे ५.१०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. शेकोटीपाशी बसून लिहू राह्यलो. पेपरात निफाडचा पारा वाचला असेलच. मंडळी विचारतात निफाडलाच एवढी थंडी का. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजतात, मोकळं रान, ओलं शिवार, नदीकाठ. तुमच्या पाथर्डी फाट्याला सिमेंटच दिवसभर तापलेलं असतं, त्यामुळे तुम्ही आमच्यापेक्षा दोन अंश सुखी. साडी आज दुहेरी टाका तरीही.

---

गच्चीवाली | १४ जानेवारी, सकाळी ७.४०

टाकली होती. बाहेर साडेसहा, साडीखाली १०. सगळे जिवंत. तिळगूळ घ्या.

---

तर्री_जास्त | १४ जानेवारी, सकाळी ८.१०

आज धाग्यावर पतंग उडवू नका, पॉलीहाऊस फाटेल.

---

गच्चीवाली | २४ फेब्रुवारी, रात्री ९.२०

धागा वर काढते. हिशेब देणं लागते.

दोन्ही पडदे वर असूनही गेले चार दिवस दुपारी आत ३९. आज कागद उतरवला. उद्या त्याच सांगाड्यावर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी चढेल.

काकड्या २३ निघाल्या, पैकी चार कडू. चेरी टोमॅटो जानेवारीच्या मध्यापासून रोज वाटीभर, अजून चालू आहेत. ढोबळी मिरच्या सहा झाडांना मिळून ४. चार! आबा म्हणालेच होते की ढोबळीला रात्री पंधरा-सोळा अंशांच्या वर तापमान लागतं. (म्हणाले फोनवर, इथे लिहिलं नव्हतं.) आता ऊब आल्यावर तिला नव्याने कळ्या लागल्यात.

सासूबाईंच्या दोन क्रेटमधली मेथी तीनदा कापली, चौथ्यांदा पेरली. तिच्यावर ना कागद, ना जार, ना साडी. रोज जेवताना ती भाजी वाढताना त्या काही बोलत नाहीत, फक्त माझ्याकडे बघतात.

आबा, एक विचारायचं होतं. कागद पुढच्या थंडीसाठी ठेवायचाय. घडी घालून माळ्यावर टाकू का?

---

बांधावरून | २५ फेब्रुवारी, पहाटे ५.३५

घडी नको. घडीवर तडकतो. धुऊन, सावलीत वाळवून पाइपवर गुंडाळा आणि उंदीर पोचणार नाही असा आडवा टांगा.